धुतलेली नाणी

शेजारच्या सीटवर कॉफीचा डबा ठेवला
तर गाडी टुंटुं करायला लागली :
कुणीतरी बसलंय, पट्टा लावा.
नऊ किलो.
लावला पट्टा. तोइव्होनं, म्हणजे आमच्या बापानं,
जिवंतपणी कधी लावून घेतला नव्हता.

ब्यूटच्या चढावर मार्चमध्ये बर्फही काळं असतं.
डाव्या हाताला कुंपण, कुंपणापलीकडं तो खड्डा,
ज्याच्या पोटात आमची गल्ली गेली,
बेकरी गेली, फिनिश लोकांचं सौना गेलं,
चर्चची घंटा तेवढी कुणीतरी आधी उतरवून ठेवली.
आता तिथं पाणी आहे. आंबट.
त्यातही म्हणे तांबं आहे.

बाप तीन हजार फूट खाली तांबं फोडायचा
आणि पगाराच्या सुट्ट्यात एखादी पेनी आली
की दाताखाली धरून म्हणायचा,
"ही माझी. मी ओळखतो."
खोटंच असणार. पण ती मग मोडायची नाही.
खाणीतून खिशात, खिशातून खणात, खणातून डब्यात,
पै पै करून नऊ किलो.

पेत्रिचच्या दुकानात दिवा खाली ओढलेला.
तो आधी लोहचुंबक फिरवतो.
त्रेचाळीस सालच्या पांढऱ्या पेन्या उडी मारून चिकटतात.
त्या वर्षी तांबं सगळं काडतुसांत गेलं होतं,
बापाला तेव्हा दोन-दोन पाळ्या.
मग गव्हाच्या लोंब्यांच्या. त्यांना तीन-तीन सेंट.
रेइनोनं मालगाडीच्या रुळावर ठेवून चपटी केलेली एक,
ती तो नखानं बाजूला सारतो.
मग भिंगाखाली चौदा सालची, आकड्याखाली बारीक डी.
बराच वेळ.
मग चष्मा काढून :
"ही कुणी धुतली?"

आईनं. हिल्मानं. संपाच्या हिवाळ्यात.
मीठ, व्हिनेगर, दातांचा जुना ब्रश,
वर्तमानपत्रावर ओळीनं वाळत घातलेल्या.
काळे पैसे बघून वाण्यानं नाक मुरडू नये, एवढंच.
निम्म्या झाल्या तेव्हा व्हिनेगर संपलं.
सकाळी डबा काखेत मारून निघाली
आणि दुकानाच्या पायरीवरून परत आली.
का, ते कधी बोलली नाही.
आम्हीही विचारलं नाही, आम्हाला भूक लागली होती.

पेत्रिच वाईट माणूस नाही. समजावून सांगतो :
वरचा थर एकदा गेला की नाणं शौकिनाच्या कामाचं नाही.
नसती धुतली तर दोन महिन्यांचं गॅसचं बिल निघालं असतं.
आता चाळीस डॉलर. तेही ओळखीखातर.
चमडी गेली, दमडी तेवढी राहिली,
मी मनात म्हणते
आणि तोंडानं म्हणते, "पन्नास."
माझं मलाच नवल वाटतं.
"पंचेचाळीस," तो म्हणतो.

त्यानं मान वळवली तेवढ्यात
मी ती दाताखाली धरली.
गार लागली. बाकी काही नाही.
बापाची की आईची की कुठल्या दुसऱ्याच खाणीतली,
काही ओळख पटली नाही.
तरी टाकली परत डब्यात.

पांढऱ्या विकल्या. न धुतलेल्या लोंबीवाल्या विकल्या.
एकतीस डॉलर आणि चार सेंट.
चार सेंट त्यानं नव्या पेन्यांत दिले, जस्ताच्या,
वरून तांब्याचा नुसता मुलामा.
गाडीत बसून एकेक डब्यात टाकली.
खणखणीत काही नाही.
बद्द.
बद्द.
बद्द.
चौथी सीटखाली घरंगळली.
गाडी पट्टा मागत होती.