केलीस

रजिस्टरात नाव: मल्लेशम नरसय्या गाजुल.
वय एकतीस. धंदा: कांड्या भरणे.
गुन्हा: कारखान्यातली मोटर, तांब्याची तार.
खूण: हनुवटीवर जुना व्रण.
बाकी तो जसा आहे
त्याला आमच्याकडं रकाना नाही.

पहिल्या दिवशी गिनतीची शिट्टी झाली
तसा तो कान दाबून खालीच बसला.
"नाटक करायलंय," जमादार म्हणाले.
शिट्टी माझ्या तोंडात होती. मीही हसलो.
हे आधीच सांगून ठेवतो,
पुढं मी बरा माणूस वाटायला लागेन.

मग रात्रपाळ्या आल्या. एप्रिल.
सोलापूरच्या भिंती रात्री दोनलाही तव्यासारख्या.
बराकीत बेचाळीस जण, पंखे तीन,
आणि हा दाराशी, गजांना बोट लावत
एक ते अकरा, अकरा ते एक.
"काय करायलास बे?"
"काय करायलास बे."
"मस्करी करायलास?"
"करायलास."
मी काठी उचलली होती.
खाली का ठेवली, सांगता येत नाही.
त्याच्या तोंडून माझाच आवाज येत होता,
माझा सूर, माझा दम,
त्यातला राग तेवढा गाळलेला.

दुसऱ्या दिवशी त्याचे कागद मागून वाचले.
"होय, चोरी मी केली."
तीन आठवड्यांत हा माणूस
एकदाही 'मी' म्हणालेला नाही.
ठाण्यातलं ते टेबल मला ऐकू आलं:
"चोरी केलीस?"
"केलीस."
आणि लिहिणाऱ्यानं, दमला असेल बिचारा,
शेवटचा स खाऊन टाकला.
असला जबाब कोर्टात टिकत नाही म्हणतात.
आत ठेवायला पुरतो.

खात्री म्हणून विचारलं,
"सिद्धेश्वराचं तळं चोरलास?"
"चोरलास."
बराक खो खो हसली.

त्याची बहीण येते मुलाखतीला,
हजार विड्या वळून, बोटांना तंबाखू तसाच.
"तम्मुडु वेडा नाही साहेब.
चार माग चालू असले तरी
कुठला धागा तुटला, पाठ करून सांगतो.
भाजी भाकरीला लागू देऊ नका.
उद्या काय होणार ते आजच सांगा,
पण बोलून नको. दाखवून."

मग मी खडूनं भिंतीवर काढलं:
नळ, चहाचा पेला, भाकरी, कुलूप.
कुलूप बकरीसारखं झालं.
त्यानं दिवसभर बकरीकडं बघितलं
आणि संध्याकाळी दार लागताना
पहिल्यांदा ओरडला नाही.
शिट्टीच्या आधी गजावर तीन टिचक्या,
म्हणजे कान झाकायला वेळ मिळतो.
भाजीची वाटी वेगळी धुऊन ठेवतो
शिवप्पा, दोन खुनांतला.
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

तपासणीच्या आदल्या दिवशी भिंतीला चुना लागला.
दोन दिवस मल्लेशम जेवला नाही.
तिसऱ्या दिवशी चुन्यावर कोळशाची भाकरी,
नळ, पेला, आणि शिवप्पाच्या हातची
माझ्याहून बरी बकरी.
मी साहेबांना काही बोललो नाही.

विधी सेवेच्या वकीलबाईंना स सांगितला.
त्यांनी वहीत लिहून घेतला, खाली रेघ मारली.
आता डॉक्टरचा दाखला पाहिजे.
दाखल्याला तारीख, तारखेला गाडी,
गाडीला बंदोबस्त नाही.
सिव्हिलची फेरी दोनदा हुकली.

राउंडला रोज विचारतो, "जेवलास?"
तो म्हणतो, "जेवलास."
काल मी गजाशी पोचायच्या आत,
तोंड उघडायच्या आत:
"जेवलास?"
शेवटी सूर जरासा वर गेल्यासारखा वाटला.
माझाच परत आला, की त्याचा होता,
कळेना.
डबा तसाच होता, सकाळपासून बांधलेला.
"नाही अजून," मी म्हणालो.
त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.
भिंतीवरच्या भाकरीवर बोट ठेवलं
आणि तसंच धरून ठेवलं.