उलटा पंखा

सेलूच्या बाजारगल्लीतला शब्बीर वाइंडर
चैत्रातच म्हणाला होता,
"बाई, कनेक्शन चुकलं. उलटा फिरतोय.
उद्या आणा, सरळ करून देतो."
तो उद्या राहूनच गेला.
उन्हाळाभर आम्ही गच्चीवर निजलो,
पंखा वर एकटाच स्लॅबला वारा घालत बसला.

आता पौष.
परभणीकडून हिव आलंय,
रेल्वेपेक्षा वेळेवर.
एकच खोली. भाकरी झाली की
गॅसची ऊब उठते, वर जाते,
माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांपाशी मुक्काम करते.
खाली शहाबादी फरशी,
दोन गोधड्या, आणि चार गार पाय.

काल सुकेशिनीनं बटन एकवर फिरवलं.
"येड लागलं का गं, या थंडीत?"
"थांब की जरा. सायन्समध्ये आहे."
वारा अंगाला लागलाच नाही.
पाती हवा वर लोटत राहिली
आणि वरची ऊब
भिंत धरून, जपून,
गुडघे दुखणाऱ्या बाईसारखी
खाली उतरली.

सकाळी दोरीवरचा तिचा ओला युनिफॉर्म
कॉलरसकट वाळलेला.

बाजाराला जाताना शब्बीरभाईंना सांगून आले,
"असू द्या तसाच.
होळीनंतर बघू."