रिकामी जागा

स्मरणिकेसाठी माहिती हवी म्हणता, तर घ्या लिहून :
डॉक्टर राजमल्लू कोंडय्या म्याकल.
जन्म साखर पेठ, सोलापूर. तारीख नाही;
मिलचा दुसरा भोंगा नुकताच झाला होता,
एवढंच अम्मा सांगायची.

मानपत्रं तुमच्याकडे असतीलच.
माझ्याकडे ही चुन्याची डबी,
आत जर्मेनियमचा करडा तुकडा, नखाएवढा.

कॉलेजच्या मागच्या खोलीत त्यानं कांडी शुद्ध केली
तेव्हा मी डबा घेऊन गेले होते.
तापलेलं वेटोळं मुंगीच्या चालीनं सरकायचं,
मळ पुढे पुढे, पार टोकाशी.
टोक कापायचं. पुन्हा पहिल्यापासून.
म्हटलं, अन्ना, ही तर पाजणी!
नायना गल्लीभर ताणा पसरून
खळीचा कुंचा असाच न्यायचे, न थांबता.
थांबलं की डाग.
तो हसला. कुठं शिकलो वाटतं तुला?

आणि एवढं धुऊन शेवटी मुद्दाम भेसळ,
कोटीत एखादा कण.
मग धुतलं कशाला?
म्हणाला, आत कुणाला घ्यायचं
ते आपण ठरवावं म्हणून.

मे महिन्यात पत्र्याखाली पारा चव्वेचाळीस.
त्याचे ट्रान्झिस्टर गळायचे.
मोठे साहेब आले, म्हणाले, खोली थंड ठेवा.
मागवाल्याची खोली कोण थंड ठेवणार, साहेब?
त्या रात्री जेवला नाही. सकाळी जर्मेनियम आवरलं
आणि वाळूच्या मागे लागला.
सीनेच्या पात्रात पडलंय तेच सिलिकॉन,
फक्त वितळायला हट्टी.

एकदा मला समजावत होता.
इलेक्ट्रॉन पुढे गेला की मागे जागा रिकामी.
शेजारचा ती भरतो, आता त्याची रिकामी.
सरकतात ते,
पण हिशेबात रिकामी जागाच चालते, उलटी.
तिलाही वजन धरावं लागतं, वेग धरावा लागतो.

मी कांड्या भरत होते. हात थांबवला नाही.
म्हटलं, ठाऊक आहे.
तू बंगळूरला गेलास, तुझ्या मागावर अम्मा बसली,
अम्माच्या रहाटावर मी.
आणि चालत चालत ती
मुलींच्या शाळेत गेली, तिसरीच्या वर्गात,
खिडकीकडच्या बाकावर.

तो काही बोलला नाही.
हातातली सोल्डरची तार नुसतीच वितळत राहिली.

हे छापू नका.
छापायचं तर एवढं छापा, की त्यानं मला दिलेला रेडिओ
भर मे महिन्यात, दुपारी दोनला,
मागाच्या खडखडाटावर चढून बोलायचा,
घसा न बसता.

फोटो काढा हवा तर.
डबी मात्र परत द्या.