पाय मोडलेलं अक्षर

वडगावात रात्री दहानंतर माग थांबतात
तरी माझ्या खोलीची फरशी
थोडा वेळ थरथरतच राहते.

सोसायटीच्या साडीवर विणणारीचं नाव छापायचं,
सात घरांत. काम एवढंच.
भाषा आमची, मी आणि गिरिमल्लनं रचलेली:
तिच्यात केलेलं काही बदलता येत नाही,
ओळीचं डोकं उचलायचं,
उरलेल्यासाठी स्वतःलाच हाक मारायची,
ओळ सरेस्तोवर.

पहिली चिठ्ठी निघाली: रु
आणि पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह.
रुक्मव्वा म्हणाली, नाव कुठाय?
हे तर किंमत विचारूलालंय.

मोजले. तिच्या नावाचे सत्तावीस बाइट.
आम्ही सातव्यावर कात्री चालवलेली,
तिसऱ्या चिन्हाच्या पोटातून.

मग चिन्हं मोजली. नऊ.
चिठ्ठीवर रुक्मव्
पाय मोडून उभा व,
टेकायला पुढे कुणी नाही.
काना तर आलाच नाही.

रुक्मव्वाला विचारलं, तुझ्या नावात अक्षरं किती?
शाळेचं तोंड न पाहिलेली ती
बोटावर म्हणाली: रु. क्म. व्वा.
तीन की. त्यात काय मोजायचं?

गिरिमल्ल म्हणाला, आमच्याकडं दुसरं अक्षर
पहिल्याच्या पायाशी बसतं, ओत्तु म्हणतात.
तुमच्याकडं खांद्याला खांदा.
पण मोडलेला पाय दोघांचाही तोच.

मग नियम लिहिला, चार ओळींचा:
डोकं उचलताना काना, मात्रा, वेलांटी
मागं ठेवू नये.
आणि पाय मोडलेला असेल
तर पुढच्याला बरोबर घ्यावं.
आधी कानडी नावं घातली, मग मराठी,
दोन्ही सरळ निघाली.
दीड वाजला होता. गिरिमल्लनं
थर्मासमधला गार चहा तसाच प्यायला.

सकाळी पारव्वा कुऱ्हाडे आली.
तिचं आडनाव र पाशी तुटलेलं,
कुऱ्हाडीवरच कुऱ्हाड.
कुणीतरी जुन्या कळफलकावर टंकलेलं.
उघडून पाहिलं: मोडलेल्या र च्या आणि ह च्या मध्ये
एक चिन्ह,
ज्याला रूप नाही, आवाज नाही,
जोडण्याखेरीज दुसरं काम नाही.
आमच्या नियमानं त्यालाच पुढचा समजून
हात धरला होता
आणि ह ला सोडून दिलं होतं.

खाली माग सुरू झाले.
मी पाचवी ओळ लिहायला घेतली.