पहिल्या भागापासून बघू नकोस

पहिल्या भागापासून बघू नकोस, सुमेध.
पहिल्यात ग्रह पुठ्ठ्याचा आहे
आणि कप्तानबाईंना अजून हात कुठं ठेवायचे ते कळत नाही.
'शून्यकिनारा' एकोणीस वर्षं चालली, कधी बंद, कधी सुरू.
तेवढ्यात आपल्या उद्यमनगरात
तीन फाउंड्र्यांना कुलूप लागलं,
आणि मी हेल्परचा टर्नर झालो.

सत्ताविसाव्यापासून धर.
त्यात काहीच घडत नाही.
यानाचं एक बुश झिजलंय, बस्स.
नवं यायला चार महिने,
म्हणून यंत्रज्ञ विलासिनी कानस घेऊन बसते
आणि अख्खा भाग घासत राहते.
खिडकीबाहेर एक सूर्य विझतो,
ती मान वर करत नाही.
आम्ही नऊ जण शौकत बागवानाच्या माडीवर,
चिरमुऱ्यांची पिशवी मधोमध,
तिच्यात कुणाचा हात गेला नाही.
शेवटाला फक्त दत्तोबा मिस्त्री म्हणाले,
"पाच थाऊ ढिलं बसणार हाय त्ये."
आणि पुढच्या रविवारी, खरंच,
ते बुश खडखडलं.

त्रेसष्टावा लोकांना आवडतो, लढाईचा.
मला नाही.
जिथं हवाच नाही तिथं एवढा आवाज कुठला?
आवाज आपल्याकडं, हॅमरच्या शेडमध्ये.

अठ्ठ्याऐंशीवा मात्र चुकवू नकोस.
दोन ग्रहांची भाषा जुळत नाही, तह अडलाय,
तेव्हा यानाचा आचारी न विचारता
मधे एक ताट आणून ठेवतो.
पलीकडचा दूत, हिरवट, डोळे चार,
असा लाजतो रे ताटाकडं बघून,
थेट आमचा मेहुणा,
सोयरीक जुळवायला आला तेव्हा
रश्शाची दुसरी वाटी मागताना.

आता एकशे बारावा.
जरा पाना खाली ठेव.
विलासिनी एकटी यानाबाहेर जाते.
दोर सुटतो.
आतले सगळे काचेला कपाळ लावून.
ती लांब जात जात
कपाळावरचा दिवा उघडझाप करते.
एकदा.
दुसऱ्यांदा.
आणि लाइट गेली.
आमची. शाहूपुरीपासून पार नाक्यापर्यंत.

बराच वेळ बसून राहिलो.
शौकतनं काचेला हात लावून बघितला,
कोमट होती अजून.
मग गंगावेशीत गेलो, दुधाच्या कट्ट्यावर,
कुणाला तरी ठाऊक असेल म्हणून.
कुठलं काय, तिथंही अंधार,
एक गॅसबत्ती आणि म्हशींचे डोळे.
शौकत म्हणाला, येणार की परत,
मालिका चालवायची नाही व्हय त्यांना?
मिस्त्रींनी ग्लास रिकामा केला, मिशी पुसली.
"परतबिरत न्हाई यायची.
जल्मभर आतनं दुरुस्त केलं तिनं त्ये यान.
एकदा भायेरनं बघू दे की."

पुढच्या रविवारी ती होती.
डाव्या हाताला पट्टी,
आणि कसं काय वाचली, कुणी अवाक्षर काढलं नाही.
आम्ही मिस्त्रींकडं बघितलं.
मिस्त्री पडद्याकडं बघत होते,
तिच्या बोटांकडं.
"ही ती न्हवं," म्हणाले.
त्यानंतरची सात वर्षं
ते प्रत्येक भाग तेवढ्यासाठी बघत आले.

आता सगळे भाग मोबाइलवर मिळतात, तूच दाखवलंस.
मी तो लावलाय तीनदा.
दुसऱ्या उघडझापीला अंगठा आपोआप खाली जातो.
मिस्त्री गेले त्याला दोन वर्षं होतील,
त्यांचा व्हर्नियर माझ्या ड्रॉवरमध्ये,
तो तसा कुणाला देत नाही मी.

तू बघ. शेवटपर्यंत बघ, तुझं वय आहे.
उद्या कामावर येऊन सांगू मात्र नकोस.
सांगायचंच झालं तर एवढंच,
की आत आली ती बाई
कानस कुठल्या हातात धरते.

चल, चक आवळ.
आणि ते बुश परत एकदा मोज.
हा घे व्हर्नियर.
मला ढिलं वाटायलंय.