ओ

पहिला तोर्शहावनच्या रुग्णालयात, तळघरात.
दुसरा समुद्रापलीकडे, त्वोरोयरीत,
मासळीच्या बंद कारखान्यात,
जिथल्या भिंतींना अजून कॉडचा वास आहे.
दर सेकंदाला पहिला हाक मारतो,
दुसरा ओ देतो.
त्यांचं बोलणं एवढंच.

तीन हाका कोऱ्या गेल्या
की समजायचं, तो गेला.
त्याचा पत्ता आपल्या दारावर लावायचा
आणि कामाला बसायचं.
सुतक नाही, विचारपूस नाही.
हे मी लिहिलं, सात ओळींत.
लिहिताना कॉफी गार झाली, एवढं आठवतं.

रानवानं विचारलं, "तीनच का?"
म्हटलं, दोन म्हणजे उतावीळपणा,
आणि पाच मोजेपर्यंत
वर कुणाचं तरी रक्त थांबायचं नाही.
ती स्क्रू पिळत होती. पिळतच म्हणाली,
"बाबांची बोट आली नाही तेव्हा
आईनं अकरा दिवस त्यांचं ताट मांडलं होतं."

मग फेब्रुवारीत एका ट्रॉलरच्या नांगरानं
तळाची केबल तोडली.
पहिल्याला वाटलं दुसरा मेला,
दुसऱ्याला वाटलं पहिला.
दोघेही धडधाकट, दोघेही मालक.
सत्तेचाळीस मिनिटं
तीन नंबरची खाट दोघांच्या नावे होती,
आणि म्हाताऱ्या हाल्गिरला
इकडे पेनिसिलिन चालत नव्हतं,
तिकडे तो रकाना रिकामा.
दोन रात्री आम्ही ओळीला ओळ लावत बसलो,
हे खरं की ते खरं.
खोटं कुणीच बोललं नव्हतं. तेच तर अवघड होतं.

म्हणून तिसरा.
सांदोयच्या शाळेत, नकाशांच्या कपाटामागे,
पावाच्या डब्याएवढा, जुना, हळू.
त्याला रोग्यांची नावं ठाऊक नाहीत,
औषधं ठाऊक नाहीत.
कुणाची हाक ऐकू येते, तेवढं तो सांगतो.
सुनलेग बाई शुक्रवारी त्याच्यावरची धूळ पुसतात,
पोरांनी त्याला पफिनचं स्टिकर लावलंय.
दोघांत वाद झाला की मत त्याचं.
आणि ज्याच्या बाजूनं मत पडणार नाही
त्यानं आपली वीज आपणच तोडायची,
जिवंत असला तरी.
ही ओळ लिहायला मला आठवडा लागला.

मे महिना, मंगळवार, दहा वाजून दहा.
रानवा तळघरात, मी त्वोरोयरीत, कानाला फोन.
"ओढू?"
"ओढ."
चालत्या यंत्राची वायर तिनं उपटली.
एक.
दोन.
तीन.
माझ्यासमोरचा हिरवा दिवा गडद झाला,
पंखे एकदम मोठ्यानं फिरू लागले,
झोपलेल्या घरात कुणी चुलीपाशी उठावं तसे.
वरच्या मजल्यावर एक नर्स टाइप करत होती.
अक्षर अडलं. तिला वाटलं, आपलंच स्पेलिंग चुकलं.
खोडलं, पुन्हा लिहिलं, पुढे गेली.

"झालं?" रानवानं विचारलं.
"झालं."
"कुणालाच कळलं नाही."
"नाही."
फोनवर तिचा श्वास तेवढा ऐकू आला.

संध्याकाळी फेरीतून उतरलो तर ती धक्क्यावर,
पाठ वाऱ्याकडे करून आईला फोन लावत होती.
स्पीकर चालू. घंटी वाजत राहिली.
ती मोजत नव्हती.
मी मोजत होतो.
तीन गेल्या. पाच गेल्या.
नवव्या घंटीला पलीकडे काहीतरी पडलं, भांडं असावं,
आणि धापा टाकत
कुणीतरी ओ दिली.