वस्तुचित्र, नववी ब

वेळापत्रकात माझं नाव शनिवारी, शेवटच्या तासाला,
तेही पेन्सिलनं.
गणिताच्या सरांचा भाग शिल्लक असला
की ते दारात उभे राहून नुसते हसतात
आणि मी खडू उचलून स्टाफरूमकडे चालू लागते.

आज ते दातांच्या डॉक्टरकडे गेलेत.
देव त्यांच्या दाढेचं भलं करो.

स्टुलावर टॉवेल अंथरते,
त्यावर घरून आणलेला तांब्याचा तांब्या,
दोन कांदे, एक वांगं.
इंटरमिजिएटला हेच येणार.
उजेड डावीकडून, घारपुरे घाटाकडच्या खिडकीतून;
तिचं एक तावदान गेल्या वर्षापासून पुठ्ठ्याचं आहे.

"आधी मधली रेषा. मग दोन्ही बाजू सारख्या."
वीस वर्षं हेच सांगतेय.
त्रेपन्न माना खाली जातात.
कागद म्हणजे जुन्या उत्तरपत्रिकांचे पाठकोरे,
उन्हात धरले तर
कुणाची तरी पानिपतची कारणं दिसतात.

केतकी निजामपूरकर काढत नाही.
तिसऱ्या बाकावरून उठते, स्टुलाजवळ येते,
तांब्यावर नख वाजवते.
टिण्.
"बाई, हा घेतला कुठून?"
"तुमच्याच तांबट आळीतला. लग्नात मिळालेला."
"गळ्याखाली बघा. इथं ठोके विरळ झालेत.
ठोकणारा थकला असेल, नाहीतर
कुणी हाक मारली असेल जेवायला."
वर्ग हसतो. ती हसत नाही.
"पप्पा म्हणतात, सगळे ठोके सारखे दिसले
की समजायचं, मशीनचा."

अठरा वर्षं मी त्यातून पाणी पितेय.
डोक्यावरचा चष्मा खाली घेते.
खरंच. गळ्याखाली बोटभर जागा
जरा सपाट, जरा गप्प.

मग ती बसली आणि तिनं काढलं,
मधली रेषा न आखता,
टिंबाशेजारी टिंब,
पेन्सिल कागदावर आपटत,
मागच्या बाकापर्यंत आवाज जाईल अशी.
डावी कड फुगली, उजवी बसली.
कांदे राहिलेच. वांग्याला वेळ उरला नाही.

परीक्षेत हे चालणार नाही, मी म्हटलं.
म्हणावं लागतं.
अ श्रेणीला दहावीत सात गुण, ब ला पाच, क ला तीन.
पालकसभेत मी हेच सांगून मुलं मागते,
भाजीवालीनं वर कोथिंबीर घालावी
तसे हे सात गुण.
मागच्या सभेला तिचे पप्पा आले होते.
काळे पडलेले हात पाठीमागे धरून उभे.
म्हणाले, पोरीला ह्या कामात नाही घालायची,
कॉमर्सला टाकू.
मी मान हलवली होती.

घंटा झाली. टॉवेल झटकला, कांदे पिशवीत.
चित्र बाकावरच होतं.
"तुम्हीच ठेवा, बाई. घरी नेलं
तर ते चुकाच बघत बसतील."

पुढच्या शनिवारी, तास मिळालाच तर,
फळ्यावर मधली रेषा आखायची की नाही
अजून ठरत नाही.
घरी येऊन तांब्या भरला,
आणि पिताना अंगठा आपोआप
त्या विरळ जागेवर जाऊन बसला.
तिथून कुणीतरी जेवायला उठलं होतं.